शेजाऱ्यांचे मैदान : दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा आणि सुरतचे टेबल टेनिस

दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा ही भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि मालदीव या शेजारी देशांची बहुक्रीडा स्पर्धा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सॅग’ म्हणतात. जुन्या पिढीला ती ‘सॅफ गेम्स’ या नावाने आठवते. १९८४ ते २०१९ या काळात तिचे १३ सोहळे झाले आणि प्रत्येक वेळी पदकतक्त्यात भारत पहिला आला. त्यामुळे भारतीय वृत्तपत्रांत तिला आतल्या पानावर जागा मिळते. सीमेपलीकडे चित्र वेगळे आहे. बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि मालदीव या चार देशांच्या खात्यावर २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही ऑलिंपिक पदक जमा नव्हते. तिथल्या धावपटूला किंवा वेटलिफ्टरला आपले राष्ट्रगीत परदेशी मैदानावर वाजताना ऐकण्याची खरी संधी याच स्पर्धेत मिळते. भारतीय खेळाडूसाठी हीच स्पर्धा राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय खेळ यांच्यामधली पायरी ठरते. सुरतच्या टेबल टेनिसपटूंच्या वाटचालीत ती पायरी स्पष्ट दिसते.

स्पर्धेचा उगम

शेजाऱ्यांनी एकत्र येऊन खेळावे ही कल्पना या भागात जुनी आहे. १९३४ मध्ये दिल्लीत ‘वेस्टर्न एशियाटिक गेम्स’ भरले होते. क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या स्पर्धेत भारत, अफगाणिस्तान, सिलोन आणि पॅलेस्टाइन हे चार संघ उतरले. पुढची स्पर्धा १९३८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये व्हायची होती, ती झालीच नाही. महायुद्धानंतर सोंधींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा घाट घातला आणि १९५१ मध्ये दिल्लीत पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा झाली.

एशियाड मोठे होत गेले तसे दक्षिण आशियातले छोटे देश त्यात मागे पडू लागले. जपान, चीन आणि दक्षिण कोरिया यांच्यापुढे पदक मिळवणे भारतालाही सोपे नव्हते. बांगलादेशाला एशियाडमधले पहिले वैयक्तिक पदक मिळायला १९८६ उजाडले आणि तेही मुष्टियुद्धातले कांस्य होते. आपल्या तोलामोलाच्या संघांशी खेळता येईल असे व्यासपीठ हवे, या गरजेतून १९८३ मध्ये दक्षिण आशियाई क्रीडा महासंघाची बांधणी झाली आणि सप्टेंबर १९८४ मध्ये काठमांडूत पहिले सॅफ गेम्स भरले. सार्क संघटनेची स्थापना ढाक्यात डिसेंबर १९८५ मध्ये झाली, म्हणजे या सात देशांचे खेळाडू एकत्र जमले ते त्यांचे राष्ट्रप्रमुख सार्कच्या टेबलाभोवती बसण्याच्या आधी.

पहिल्या स्पर्धेत अॅथलेटिक्स, फुटबॉल, जलतरण, मुष्टियुद्ध आणि वेटलिफ्टिंग असे पाचच खेळ होते. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात नेपाळने बांगलादेशाला हरवून घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण जिंकले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, स्पर्धा ढाक्याला गेली. त्यानंतर १९८७ मध्ये कोलकाता, १९८९ मध्ये इस्लामाबाद, १९९१ मध्ये कोलंबो, १९९३ मध्ये पुन्हा ढाका, १९९५ मध्ये मद्रास आणि १९९९ मध्ये पुन्हा काठमांडू असा तिचा प्रवास झाला. २००४ मध्ये इस्लामाबाद, २००६ मध्ये कोलंबो, २०१० मध्ये ढाका, २०१६ मध्ये गुवाहाटी आणि शिलाँग, तर २०१९ मध्ये काठमांडू, पोखरा आणि जनकपूर ही पुढची यजमान शहरे. २००४ नंतर ‘महासंघ’ हा शब्द वगळून नाव ‘दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा’ असे झाले. त्याच वर्षी अफगाणिस्तान आठवा सदस्य म्हणून उतरला. २०१६ नंतर त्याने मध्य आशियाची वाट धरली आणि संख्या पुन्हा सातवर आली.

यजमान बदलला की खेळ बदलतात

स्पर्धेतल्या खेळांची यादी वाचली तर कोणत्या देशाला काय प्रिय आहे ते कळते. कबड्डी आली ती १९८५ मध्ये, ढाक्यात. हा बांगलादेशाचा राष्ट्रीय खेळ आहे. तायक्वांदो आणि कराटे आले १९९९ मध्ये, काठमांडूत. या दोन खेळांच्या जोरावर यजमान नेपाळने त्या वर्षी तीसहून अधिक सुवर्णपदके मिळवली. क्रिकेट आले २०१० मध्ये, पुन्हा ढाक्यात, आणि पुरुषांचे सुवर्ण बांगलादेशाने जिंकले. खो-खोला जागा मिळाली २०१६ मध्ये, भारतात.

खो-खोच्या समावेशाचा थेट फायदा महाराष्ट्राला झाला. गुवाहाटीत भारतीय महिला संघाचे नेतृत्व उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, सारिका काळे हिने केले. संघाने सुवर्ण जिंकले आणि २०२० मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्या खेळाला ऑलिंपिक किंवा एशियाडमध्ये पदक नाही, त्या खेळातल्या खेळाडूला भारताची जर्सी घालून शेजारी देशांविरुद्ध उतरण्याची जागा या स्पर्धेने दिली. शेजाऱ्यांनीही हा खेळ उचलला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा पुरुष आणि महिला या दोन्ही गटांच्या अंतिम फेरीत भारतासमोर नेपाळच होता. दोन्ही विजेतेपदे भारताकडे आली.

गुवाहाटीच्या स्पर्धेत महाराष्ट्राचे आणखी एक नाव गाजले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिने महिलांची मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकली आणि त्या वेळेच्या बळावर तिला रिओ ऑलिंपिकचे दार उघडले.

एकतर्फी तक्ता

पदकांच्या बाबतीत ही स्पर्धा असमतोल आहे. २०१९ मध्ये काठमांडूत भारताने १७४ सुवर्णांसह एकूण ३१२ पदके जिंकली. वाटल्या गेलेल्या एकूण सुवर्णपदकांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या भारताची होती. ५१ सुवर्णांसह नेपाळ दुसरा आणि ४० सुवर्णांसह श्रीलंका तिसरी आली. बांगलादेशाला १९ आणि मालदीवला एक सुवर्ण मिळाले. भूतानला सुवर्ण मिळाले नाही.

याची कारणे उघड आहेत. भारताची लोकसंख्या बाकी सर्व सदस्य देशांच्या एकत्रित लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त आहे. रेल्वे, सेनादल, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रम खेळाडूंना नोकऱ्या देतात. क्रीडा प्राधिकरणाची प्रशिक्षण केंद्रे देशभर आहेत. मालदीवची अख्खी लोकसंख्या सुरत महानगरपालिकेच्या दोन-तीन झोनमध्ये मावेल एवढी आहे. अशा देशाने तीनशेहून अधिक सुवर्णांसाठीच्या शर्यतीत भारताशी बरोबरी करावी अशी अपेक्षा कोणी धरत नाही.

म्हणूनच भारत बऱ्याच खेळांत पहिली फळी पाठवत नाही. काही खेळांत नवोदितांना संधी दिली जाते, काहींत संघच उतरत नाही. २०१९ च्या क्रिकेटमध्ये भारत नव्हता. पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णे बांगलादेशाने नेली. फुटबॉलमध्ये २००४ पासून पुरुषांसाठी २३ वर्षांखालील संघांचा नियम आहे आणि तिथे भारताची मक्तेदारी चालत नाही. २००४ आणि २००६ मध्ये पाकिस्तान, २०१० मध्ये बांगलादेश, २०१६ आणि २०१९ मध्ये नेपाळ असे विजेते झाले. २०१९ च्या अंतिम सामन्यात तर नेपाळसमोर भूतान होता.

शेजाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर

ढाक्यात १९८५ मध्ये बांगलादेशाच्या शाह आलमने १०० मीटर शर्यत जिंकली आणि १९८७ मध्ये कोलकात्यात ती पुन्हा जिंकली. ‘दक्षिण आशियाचा सर्वांत वेगवान माणूस’ हा किताब बांगलादेशात क्रिकेटच्या उदयाआधीच्या काळात फार मोठा मानला जाई. २०१९ मध्ये हीच शर्यत मालदीवच्या हसन सईदने जिंकली. मालदीवचे या स्पर्धेतले ते पहिले सुवर्ण होते.

गुवाहाटीत २०१६ मध्ये बांगलादेशाची वेटलिफ्टर माबिया अख्तर सीमांत हिने ६३ किलो गटात सुवर्ण जिंकले. विजेत्यांच्या मंचावर बांगलादेशाचे राष्ट्रगीत सुरू झाले, तिने सलामीसाठी हात कपाळाला लावला आणि तिला रडू आवरेना. गीत संपेपर्यंत ती त्याच अवस्थेत उभी होती. ती चित्रफीत बांगलादेशात घरोघरी पाहिली गेली. भारताच्या खात्यावर त्या स्पर्धेत तीनशेच्या वर पदके जमा झाली. त्यांतले एकही बहुधा भारतात इतके पाहिले गेले नसेल.

नेपाळच्या गौरिका सिंहने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वयाच्या तेराव्या वर्षी भाग घेतला होता. २०१९ मध्ये काठमांडूत तिने जलतरणात चार सुवर्णे मिळवली. सामर्थ्यातली दरी छोट्या देशांमध्येही किती असते, हे त्याच स्पर्धेत पोखऱ्याच्या क्रिकेट मैदानावर दिसले. नेपाळच्या अंजली चंदने मालदीवच्या महिला संघाविरुद्ध एकही धाव न देता सहा बळी घेतले. मालदीवचा डाव १६ धावांत संपला आणि नेपाळने तेवढ्या धावा पाच चेंडूंत केल्या. पुढे बांगलादेशाविरुद्ध मालदीवचा संघ सहा धावांत बाद झाला. अशा निकालांची टिंगल झाली. मात्र मालदीवच्या मुलींना आंतरराष्ट्रीय सामना खेळायला मिळाला तो याच मैदानावर.

सुरतचे टेबल टेनिस

तापीकाठचे सुरत हिरे आणि कापडासाठी प्रसिद्ध आहे. खानदेशातून रोजगारासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली आहेत. टेबल टेनिसच्या वर्तुळात मात्र या शहराची ओळख वेगळी आहे : भारतीय संघाला दोन ऑलिंपिकपटू देणारे शहर.

त्यांतला मोठा हरमीत देसाई. १९९३ मध्ये सुरतमध्ये जन्मलेल्या हरमीतने लहानपणी वडील राजुल देसाई यांच्याकडेच खेळाचे धडे घेतले. दुसरा मानव ठक्कर, हरमीतपेक्षा सात वर्षांनी लहान. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारतीय पुरुष संघाने कांस्य मिळवले तेव्हा दोघेही संघात होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुष सांघिक चमूत शरत कमलच्या जोडीला हे दोन सुरती खेळाडू होते.

हरमीतच्या वाटचालीत २०१९ चे काठमांडू येते. तिथे टेबल टेनिसमध्ये सात सुवर्णे होती : पुरुष आणि महिला सांघिक, पुरुष आणि महिला एकेरी, दोन्ही दुहेरी आणि मिश्र दुहेरी. भारताने सातही जिंकली. एकेरी, दुहेरी आणि मिश्र अशा पाचही अंतिम सामन्यांत दोन्ही बाजूंना भारतीयच होते, त्यामुळे पाच रौप्येही भारताकडेच आली. पुरुष एकेरीचा अंतिम सामना तामिळनाडूचा अँथनी अमलराज आणि हरमीत यांच्यात सात गेमपर्यंत गेला आणि अमलराजने तो ४–३ असा जिंकला. दुहेरीत मात्र हेच दोघे जोडीदार होते आणि सुवर्ण त्यांचेच झाले. मिश्र दुहेरीत हरमीतने सुतीर्था मुखर्जीच्या साथीने सुवर्ण घेतले. महिला दुहेरीत ठाण्याच्या मधुरिका पाटकरने श्रीजा अकुलाबरोबर सुवर्ण मिळवले.

या सामन्यांत शरत कमल आणि जी. साथियान हे भारताचे त्या वेळचे दोन आघाडीचे खेळाडू नव्हते. त्यांच्याशिवायही एकेरीचे अंतिम सामने भारतीयांमध्येच झाले, यावरून दोन गोष्टी कळतात. शेजारी देशांत टेबल टेनिस अजून बाल्यावस्थेत आहे. आणि भारताच्या दुसऱ्या फळीसाठी या स्पर्धेत खरी चुरस आपसातलीच असते. तीन वर्षांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष सांघिकच्या अंतिम फेरीत सिंगापूरविरुद्धचा निर्णायक सामना जिंकून भारताला सुवर्ण मिळवून दिले ते हरमीतनेच.

सुरत शहराने स्वतःही मोठ्या स्पर्धा भरवल्या आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रकुल टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धा पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झाली. २०२२ मध्ये गुजरातच्या सहा शहरांत ३६ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरली, तेव्हा टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि समुद्रकिनाऱ्यावरचे खेळ सुरतच्या वाट्याला आले. स्पर्धेचे उद्घाटन २९ सप्टेंबरला अहमदाबादेत होते. टेबल टेनिसचे सामने मात्र २० ते २४ सप्टेंबरलाच उरकले गेले. चीनमधल्या चेंगदू इथे जागतिक सांघिक स्पर्धा महिन्याच्या शेवटी सुरू होणार होती आणि भारतीय संघाला तिकडे निघायचे होते. एकेरीचे सुवर्ण हरमीतने घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकले. १२ ऑक्टोबरचा समारोपही सुरतच्याच स्टेडियममध्ये झाला. महाराष्ट्राने त्या स्पर्धेत सर्वाधिक, १४० पदके मिळवली. सुवर्णांच्या संख्येवर सेनादल पहिले आले.

खेळाडूचा रस्ता असा दिसतो : जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा, मग दक्षिण आशियाई स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रकुल, एशियाड, ऑलिंपिक. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सात हजारांच्या आसपास खेळाडू होते. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सात देशांचे मिळून २,७१५ होते. आकाराने मोठी देशांतर्गत स्पर्धाच आहे, पण देशाच्या नावाने खेळण्याची सवय लागते ती दुसरीत.

दोन भालाफेकपटू

या पायरीचे सर्वांत ठळक उदाहरण अॅथलेटिक्समध्ये आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीत अठरा वर्षांच्या नीरज चोप्राने ८२.२३ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकले आणि राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली. कांस्य मिळाले पाकिस्तानच्या १९ वर्षांच्या अर्शद नदीमला. दोघांचीही नावे तेव्हा फारशी कोणाला ठाऊक नव्हती. २०१९ मध्ये नीरज काठमांडूत नव्हता, अर्शदने ८६.२९ मीटर फेक करून सुवर्णासह टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रता मिळवली. टोकियोत नीरजने सुवर्ण जिंकले. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये अर्शदने ९२.९७ मीटरची फेक केली आणि ८९.४५ मीटर फेकणारा नीरज दुसरा आला. ऑलिंपिकच्या एका प्रकारातली पहिली दोन पदके दक्षिण आशियात आली आणि ती मिळवणारे दोघे आठ वर्षांपूर्वी गुवाहाटीच्या एकाच मंचावर उभे होते.

रखडलेल्या तारखा

खेळाडूंचा हा रस्ता राजकारणामुळे वारंवार अडतो. १३ स्पर्धांमधली अंतरे पाहिली तरी ते कळते : १९९५ नंतर चार वर्षे, १९९९ नंतर पाच वर्षे, २०१० नंतर सहा वर्षे. इस्लामाबादची स्पर्धा २००१ मध्ये ठरली होती. अमेरिकेवरचा ११ सप्टेंबरचा हल्ला आणि पाठोपाठचे अफगाण युद्ध यांमुळे ती पुढे गेली आणि अखेर २९ मार्च २००४ ला सुरू झाली. त्या वेळी भारताचा क्रिकेट संघही पाकिस्तानात होता आणि नेमके त्याच दिवशी मुलतानमध्ये वीरेंद्र सेहवागने त्रिशतक पूर्ण केले. शेजाऱ्यांचे संबंध बरे असले की मैदाने कशी भरतात, याचा तो काळ उत्तम नमुना होता.

चौदावी स्पर्धा पाकिस्तानकडे देण्यात आली. लाहोर हे तिचे मुख्य केंद्र ठरले. मूळ तारीख २०२१ ची होती. आधी करोनामुळे आणि नंतर इतर कारणांनी ती पुन्हा पुन्हा पुढे सरकली. भारत-पाकिस्तान तणाव हा त्यातला सर्वांत मोठा अडसर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या क्रीडा मंत्रालयाने पाकिस्तानशी द्विपक्षीय क्रीडा संबंध ठेवायचे नाहीत, बहुपक्षीय स्पर्धांत मात्र खेळायचे, असे धोरण जाहीर केले.

आग्नेय आशियातल्या शेजाऱ्यांशी तुलना केली तर फरक कळतो. त्यांची स्पर्धा १९५९ मध्ये बँकॉकला सुरू झाली आणि ती बहुतांशी दर दोन वर्षांनी, विषम वर्षी भरते. करोनाकाळातली व्हिएतनामची स्पर्धादेखील जेमतेम काही महिने लांबली. तिथे यजमान बदलला की अव्वल क्रमांकही बदलू शकतो : २००५ मध्ये फिलिपिन्स, २०११ मध्ये इंडोनेशिया, २०१७ मध्ये मलेशिया असे वेगवेगळे देश पहिले आले. दक्षिण आशियात एका देशाचे वजन इतके जास्त आहे की स्पर्धा भरणे किंवा न भरणे हे त्या देशाच्या शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांवर अवलंबून राहते.

या दिरंगाईचा फटका समान बसत नाही. भारतीय टेबल टेनिसपटूला राष्ट्रीय स्पर्धा, जागतिक संघटनेच्या मालिका आणि राष्ट्रकुल स्पर्धा असे पर्याय आहेत. दक्षिण आशियाई स्पर्धा एक-दोन वेळा चुकली तरी त्याचे वर्ष वाया जात नाही. थिंपू, माले किंवा पोखऱ्याच्या खेळाडूकडे असा भरगच्च हंगाम नसतो. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे आठ-दहाच असतात, आणि दोन स्पर्धांमधले अंतर सहा वर्षांचे झाले की एक अख्खी पिढी देशाच्या नावाने पदकासाठी न खेळताच निवृत्त होते. भारत पहिला येणार हे ठरलेलेच असल्याने, स्पर्धा नियमित भरण्याची गरज भारतापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना अधिक आहे.